बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी, आपल्या पूर्वीच्या सभासद व आता नागपूरनिवासी असलेल्या एका भगिनीने केलेले भाषण)



अकरा वर्षांपूर्वी, 2014 च्या मे अखेरीस, याच सभागृहात आपण मला निरोप दिला होता. खणानारळाने ओटी भरली होती आणि आठवण म्हणून एक मोठा पितळी डबा दिला होता. तो डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. आज आपण मला पाहुणी म्हणून बोलावले, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. पण खरे सांगावयाचे तर या जिन्यावरून वर येताना मी पाहुणी आहे असे मला एकदाही वाटले नाही. वाटले ते एवढेच, की डोंबिवलीचा हा जिना पूर्वी इतका उंच नव्हता!

मी काही व्याख्याती नव्हे. चिटणीसबाईंचा गेल्या महिन्यात फोन आला. त्या म्हणाल्या, "आपल्या वाडीतल्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. निम्म्या घरांत एकच चर्चा चालू आहे. इथे राहून कर्ज वाढवावे, की इथली जागा विकून जिथे घर स्वस्त मिळते तिथे जावे? कोणी नाशिक म्हणतात, कोणी कोकण, कोणी नागपूर. तुम्ही जाऊन बसला आहात, तेव्हा तुम्हीच येऊन सांगा." मी म्हटले, उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, पण माझ्याजवळ हिशेबाची वही आहे. ती घेऊन येते.

ती ही वही. हिच्यात जे लिहिले आहे ते वाचून दाखविते, आणि जे लिहावयाचे राहून गेले तेही सांगते. कारण आमची चूक झाली ती लिहिलेल्यात झाली नाही, राहून गेलेल्यात झाली.

आम्ही का गेलो, ते आधी सांगितले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळजणींना माझ्या सासूबाई आठवत असतील. भजनाला पहिल्या रांगेत बसत. त्यांना दम्याचा विकार होता. डोंबिवलीची दमट हवा, पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल आणि वारा फिरला की कारखान्यांकडून येणारा वास, या तिन्हींनी त्या हैराण होत. जुलै-ऑगस्टमध्ये रात्र रात्र उशीला टेकून बसलेल्या असत. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत नेऊन पाहा. नागपूर हे यजमानांचे आजोळ. तिथे मामेभाऊ, चुलत मावशी, सगळा गोतावळा. यजमान केंद्र सरकारच्या कचेरीत, आणि नागपुरास त्यांच्या खात्याची शाखा. विनंतीवरून बदली मागावयाची, एवढाच प्रश्न होता.

आणि घर! तिथल्या घरांच्या किमती ऐकून आमचे डोळे विस्फारले. इथे आमचे एक खोली, स्वयंपाकघर व एक पडवीवजा खोली असे घर होते. त्याचे 42 लाख येत होते, आणि त्यावर बँकेचे 9 लाखांचे कर्ज शिल्लक होते. नागपुरास शहराच्या दक्षिणेकडे नव्या वस्तीत, दोन झोपण्याच्या खोल्या, बैठक, दोन सज्जे, एवढे घर 29 लाखांत मिळत होते. यजमानांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. बेचाळीसातून नऊ बँकेचे गेले, राहिले तेहतीस. त्यातून एकोणतीसाचे घर. मुद्रांक, नोंदणी, वकील, दलाली, सामानाची मालमोटार मिळून पावणेतीन लाख. हाती उरले सव्वा लाख. शिवाय महिन्याचा 9,500 रुपयांचा हप्ता कायमचा संपला! त्या पत्रिकेच्या पाठीवर याहून अधिक काही लिहिलेले नव्हते. मी ती पत्रिका जपून ठेवली आहे. वर-वधूंची नावे नको, म्हणून आज आणली नाही.

आता त्या पत्रिकेवर काय काय नव्हते, ते ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे मे महिना नव्हता. आम्ही घर पाहावयास गेलो ते डिसेंबरात. सकाळी धुके, दुपारी कोवळे ऊन, रस्त्यावर संत्र्यांचे ढीग. मला वाटले, हे तर थंड हवेचे ठिकाण! पुढे लक्षात आले, की आपले सरकारदेखील नागपुरास अधिवेशन भरविते ते हिवाळ्यात. शेजारच्या काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी सरळ विचारले होते, "घर तं पाह्यलं तुम्ही बाई, पण मे महिना पाह्यला काय?" मी हसण्यावारी नेले. नागपुरास 2013 च्या 23 मे रोजी 47.9 अंश उष्णतामान नोंदले गेले होते, आणि पुढे 2018 च्या डिसेंबरात तेच 3.5 अंशांपर्यंत खाली आले. एकाच गावाची ही दोन टोके. ऊबदार गाव म्हणून जायचे आणि स्वेटरही घ्यायचे, रजयाही भरायच्या आणि कूलरही घ्यायचा.

कूलरविषयी दोन शब्द सांगते, कारण डोंबिवलीत त्याचा अनुभव नसतो. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, त्यांवर पंपाने पाणी सोडायचे आणि पंख्याने त्यातून हवा आत ओढायची. हवा कोरडी असली की ताट्यांतले पाणी भराभर उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून नागपुरात एप्रिल-मेमध्ये कूलर हे वरदान आहे. मुंबईकडे हवेतच इतके पाणी असते, की ताट्यांतले पाणी उडणार कुठे? तिकडेही मृगाचा पाऊस झाला, हवेत दमटपणा आला, की तोच कूलर नुसता ओला वारा फेकू लागतो.

वीज त्याला बेताची लागते. दोनशे वॅटचा कूलर पाच तास चालला तर एक युनिट. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तेवढ्याच वेळात सहज सात युनिटे खाते. पण कूलर पाणी पितो. ऐन मे महिन्यात आमचा मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरच्या घरात पाणी पीत असे, आणि ते भरावयाचे काम कोणाचे, हे मी या सभेत सांगावयास नको. बोअरच्या पाण्याने ताट्यांवर चुन्याचे थर बसतात, म्हणून दर मोसमात गवत बदलावे लागते. टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावी लागते, नाही तर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

विजेचे बिल तर जिन्याने चढते. पहिली शंभर युनिटे एका दराने, तीनशेपर्यंतची दुसऱ्या, पाचशेपर्यंतची तिसऱ्या, आणि त्यापुढची त्याहून चढ्या दराने. वापर दुप्पट झाला म्हणजे बिल दुप्पट होते असे नव्हे; ते त्याच्याही पुढे जाते. म्हणून घर पाहताना घरमालकाकडे डिसेंबरचे नव्हे, मे महिन्याचे बिल मागावे.

आमचे घर स्वस्त का मिळाले, तेही मेमध्येच कळले. ते सर्वांत वरच्या मजल्यावर होते आणि बैठकीची व स्वयंपाकघराची भिंत पश्चिमेकडे होती. दिवसभर गच्ची तापायची आणि रात्रभर ती उष्णता खाली घरात सोडायची. पहाटे तीन वाजता भिंतीला हात लावावा तर ती ज्वर आल्यासारखी लागे. खालच्या मजल्यावरचे तेवढेच घर दोन लाखांनी महाग होते. ते का महाग, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही. आपण दोन लाख वाचविले याच आनंदात आम्ही होतो. पुढे गच्चीवर पांढरा लेप दिला, खिडकीला वाळ्याची ताटी लावली, सज्जावर जाळी ओढली. ते दोन लाख हळूहळू सगळे परत गेले.

आणि भगिनींनो, कूलर बैठकीत असतो. स्वयंपाकघरात कोणी कूलर लावीत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश, आत गॅसच्या दोन शेगड्या, आणि पंखा लावावा तर ज्योत विझते. मी पहिल्याच उन्हाळ्यात शिकले, की सकाळी आठच्या आत दोन्ही वेळचा स्वयंपाक आटोपायचा, आणि दुपारी बारा ते चार दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही. तिकडच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. मला शिकावयास एक घेरी यावी लागली.

दुसरी गोष्ट वाहनांची. इथे आपण लोकलला कितीही नावे ठेवू, पण काही शेकड्यांच्या पासावर महिनाभर मुंबईला जाऊन येता येते. तिकडे घर स्वस्त म्हणजे घर लांब. आमच्या वस्तीत तेव्हा बस होती ती आठवणीपुरती. मेट्रो सुरू झाली 2019 साली, आणि तीही आमच्या दारावरून जात नाही. यजमानांना एक दुचाकी, मला एक, आणि मुलगी कॉलेजात गेल्यावर तिला एक. तीन वाहने, तीन विमे आणि पेट्रोल. माहेर इकडे, म्हणजे रेल्वेचे 837 किलोमीटर. चौघांचे जाणे-येणे वर्षातून दोनदा म्हटले तरी एक मोठा खर्च. आता समृद्धी महामार्ग झाला आहे. 2022 च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंत आणि 2025 च्या जूनमध्ये संपूर्ण 701 किलोमीटर सुरू झाला. पण त्याला मोटार लागते आणि पथकरही लागतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माझी नोकरी. मी तेव्हा फोर्टमधील एका कचेरीत होते. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद तयार करणे, जहाजाच्या पावत्या जुळविणे, जकातीची प्रकरणे भरणे हे माझे काम. साडेआठ वर्षे केले. हाती 22,000 रुपये येत. मी त्या कामात तरबेज होते, हे सांगताना संकोच वाटत नाही. पण जहाजाच्या कागदांचे काम घेऊन मी निघाले कुठे, तर देशाच्या मध्यावर, जिथून दोन्ही समुद्र सारखेच दूर! "नागपुरात काय, नोकऱ्या मिळतातच," असे सगळे म्हणाले. घराच्या जाहिरातीतही लिहिले होते, "मिहानपासून दहा मिनिटे." मिहानमध्ये काम नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ते काम संगणकाचे, विमानदुरुस्तीचे. काम असणे वेगळे आणि आपल्याला येते ते काम असणे वेगळे.

तीन वर्षे मी घरी होते. अर्ज केले, भेटी दिल्या. एका ठिकाणी मला विचारले, "मॅडम, एवढा मुंबईचा अनुभव, मग तुम्ही इकडे आल्या कशाले?" मी गप्प बसले. अखेर 2017 साली अजनीच्या कंटेनर डेपोशी काम असलेल्या एका लहानशा कचेरीत जागा मिळाली. पगार 9,000. काम तेच, कागद तेच, माझा हात तोच. फरक एवढाच, की फोर्टमध्ये त्या हाताला दहा मालक होते आणि इथे दोन.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की घर स्वस्त असणे आणि पगार कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. ज्या गावी खूप माणसांना चांगला पगार मिळतो, त्या गावी ती माणसे घरांच्या किमती वाढवितात. जिथे पगार थोडे, तिथे घरे स्वस्त राहतात. मुंबईचा पगार आणि नागपूरचे घर ही जोडी ज्याला जुळविता आली तो भाग्यवान. आम्ही नागपूरचे घर घेतले आणि नागपूरचा पगारही घेतला.

सरकारचाही हिशेब असाच असतो. यजमानांचा मूळ पगार तेव्हा 16,000 होता. मुंबईत घरभाडेभत्ता तीस टक्के, म्हणजे 4,800 रुपये. नागपूर दुसऱ्या वर्गातले शहर, तिथे वीस टक्के, म्हणजे 3,200. दरमहा 1,600 रुपये पहिल्याच महिन्यात कमी झाले. आणि बदली स्वतःच्या विनंतीची, म्हणून सामान हलविण्याचा खर्चही सरकारने दिला नाही. हे नियम आधीपासून छापलेले होते. आम्ही विचारले नाही.

आता वहीतला हिशेब वाचते. पहिल्या तीन वर्षांचा, म्हणजे छत्तीस महिन्यांचा.

कर्जाचा हप्ता वाचला : 9,500 गुणिले 36, म्हणजे 3,42,000 रुपये.

माझा पगार बुडाला : 22,000 गुणिले 36, म्हणजे 7,92,000 रुपये.

भत्ता कमी झाला : 1,600 गुणिले 36, म्हणजे 57,600 रुपये.

वजाबाकी केली तर तीन वर्षांत आम्ही 5,07,600 रुपयांनी मागे पडलो. त्यात वीज नाही, पेट्रोल नाही, रेल्वेची तिकिटे नाहीत, आणि मी तिथेच राहते तर मला मिळाल्या असत्या त्या वाढीही नाहीत. हाती उरलेल्या सव्वा लाखाचा कूलर झाला, एक स्कूटर झाली आणि बाकीचे कुठे गेले ते वहीतही नाही.

हे आकडे मी यजमानांपुढे ठेवले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण हप्ता गेला, हे मी धरले होते. तुझा पगार मी..." आणि थांबले. त्यांचा दोष मी काढीत नाही. मीदेखील तो धरला नव्हता. माझा पगार हा वरचा, जोडीचा, असला तर बरा असा, हे मीच साडेआठ वर्षे मानीत आले होते. पण बँकेचा हप्ता दरमहा जात होता तो माझ्याच पगारातून!

आणखी दोन गोष्टी आहेत. पैशांहून त्या मला अधिक लागल्या.

एक निवृत्तिवेतनाची. खाजगी नोकरीतील भविष्यनिर्वाह निधीबरोबर जी निवृत्तिवेतन योजना असते, तिच्यात दहा वर्षांची सेवा भरावी लागते. माझी साडेआठ झाली होती. मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. नोकरी सोडताना मी ते पैसे काढून घेतले आणि सामानाच्या मालमोटारीला दिले. पैसे न काढता सेवेचा दाखला घेऊन ठेवता येतो. त्याला स्कीम सर्टिफिकेट म्हणतात. पुढे जिथे निधी लागू आहे अशा नोकरीत ही जुनी वर्षे जोडून घेता येतात. माझी आताची कचेरी वीस माणसांच्या आतली, तिथे निधीच नाही. पण आपल्यापैकी कोणी नोकरी सोडून निघणार असेल तर ही एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी.

दुसरी नावाची. डोंबिवलीचे घर दोघांच्या नावावर होते, कारण कर्ज दोघांच्या पगारावर मिळाले होते. नागपूरचे घर घेताना कर्ज नव्हते, म्हणून माझी सही कोणाला लागली नाही. आणि सही लागली नाही म्हणून नावही लागले नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हते. कोणाला सुचलेच नाही. मला कळले ते चार वर्षांनी, कराची पावती पाहताना. साडेआठ वर्षे हप्ते भरून मी कागदोपत्री बिनघराची झाले होते. मी त्या रात्री जेवले नाही, हे आज प्रथमच सांगते. पुढे यजमानांनीच पुढाकार घेऊन बक्षीसपत्राने निम्मा हिस्सा माझ्या नावे केला. पतीने पत्नीला राहते घर बक्षीस दिले तर आपल्या राज्यात मुद्रांक दोनशे रुपयांचा लागतो, शिवाय स्थानिक अधिभार. आणि 2021 च्या एप्रिलपासून घर केवळ स्त्रीच्या नावे विकत घेतले तर मुद्रांकशुल्कात एक टक्का सूटही मिळते. तीस लाखांच्या घरात ते तीस हजार होतात. पण सुटीसाठी नव्हे, हक्कासाठी नाव घाला.

इतके ऐकून आपण म्हणाल, बाई पस्तावलेली दिसते. तर तसे नाही, आणि त्यासाठी वहीचे शेवटचे पान सांगितले पाहिजे.

सासूबाई नागपुरात साडेसहा वर्षे जगल्या. पहिल्या पावसाळ्यात एका रात्री मला जाग आली आणि घरात आवाज नव्हता. मी घाबरून उठले. पाहते तो त्या आडव्या होऊन, कुशीवर, शांत झोपल्या होत्या. माझ्या लग्नानंतर जुलै महिन्यात त्यांना आडवे झोपलेले मी तेव्हा प्रथम पाहिले. उन्हाळा त्यांनाही जड जाई, पण त्या म्हणत, "उन्हाला खिडकी लावता येते गं, ओलीला लावता येत नाही." त्यांची स्वतंत्र खोली होती. त्यांच्या बहिणी येऊन चार चार दिवस राहत. 2020 च्या डिसेंबरात त्या गेल्या, आपल्या माणसांत. ही साडेसहा वर्षे मी कोणत्या रकान्यात लिहू? पाच लाख सात हजार सहाशे रुपयांना ती मिळाली असे म्हणावे, तर स्वस्त मिळाली. पण मला वाटते, त्यांच्यासाठीच जावयाचे होते तर तसे म्हणून जावयास हवे होते. "आईसाठी जातो आहोत, त्याची एवढी किंमत पडेल, ती आपण दोघे मिळून देऊ," असे म्हटले असते, तर माझा पगार बुडाला ही गोष्ट त्याग म्हणून तरी मोजली गेली असती. आम्ही गेलो ते "फायदा आहे" असे म्हणत. मग फायद्याच्या हिशेबात तोटा कोणी मोजीत नाही.

आणि परत येण्याची वाट? ती नाही. डोंबिवलीतले आमचे तेच घर आज आम्हांला परवडणार नाही. स्वस्ताकडून महागाकडे परत येणे फार कठीण. मुलगी नागपुरातच इंजिनियर झाली, आणि नोकरी लागली ती पुण्यास. तिथे तीन मुलींत एक जागा घेऊन राहते आणि तिच्या खाटेच्या भाड्यात आमच्या वस्तीत अख्खी खोली मिळेल. आम्ही महाग गाव सोडून स्वस्त गावी गेलो, आणि लेक पुन्हा महाग गावी गेली. दोन झोपण्याच्या खोल्यांपैकी एक आता बंद असते.

तेव्हा आपण मला विचारता, जावे की न जावे? ज्यांचे निवृत्तिवेतन ठरलेले आहे, त्यांनी खुशाल जावे. त्यांचा पैसा गाव पाहून कमी होत नाही. ज्यांची सरकारी नोकरी बदलीची आहे, दोघांचीही, त्यांनीही विचार करावा. ज्यांचे काम घरी बसून चालते, त्यांनी मात्र जपावे. आमच्या शेजारच्या एका मुलाने 2021 साली घरून काम आहे म्हणून तिथे घर घेतले. पुढच्याच वर्षी कंपनीने पुण्यास बोलावून घेतले. घरून काम ही मालकाने दिलेली सवलत असते. तिच्यावर वीस वर्षांचे कर्ज काढू नये.

आणि जाणारच असाल, तर चार गोष्टी करा. घर पाहावयास मे महिन्यात जा, नाशिकास आणि कोकणात पावसाळ्यात जा, आणि शक्य तर दोन महिने भाड्याने राहून पाहा. इथली जागा लगेच विकू नका. पहिले वर्ष भाड्याने द्या, म्हणजे परतीचे दार उघडे राहील. स्वस्त घर दिसले की ते कशामुळे स्वस्त, हे तीनदा विचारा. वरचा मजला म्हणून? पाणी नाही म्हणून? की नागपुरातल्या पुष्कळ ले-आउटांसारखे सुधार प्रन्यासचे नियमितीकरणाचे पत्र नाही म्हणून? आणि चौथी गोष्ट ही, की हिशेबाची पहिली ओळ घराच्या किमतीची लिहू नका. पहिली ओळ लिहा : "घरातल्या बाईचे काम तिथे काय?" तिचा पगार असेल तर तो लिहा. शिवण, शिकवणी, डबे, पोळीभाजी असेल तर त्याची मिळकत लिहा. इथे बारा वर्षांत जोडलेली गिऱ्हाइके ट्रकमध्ये घालून नेता येत नाहीत.

हा हिशेब बायकांनी स्वतः मांडावा, आणि तो लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडू नये. तिथे जागा कमी असते.

आपण दिलेला तो पितळी डबा मी तिथे कशासाठी वापरते, ते सांगून आपली रजा घेते. त्यात मी माझा पगार ठेविते. आता तो 16,000 झाला आहे. महिन्याच्या एक तारखेला मी तो डब्यात घालते, आणि घरातले जो कोणी पैसे काढील त्याने आतल्या वहीत लिहावे असा नियम आहे. यजमानदेखील लिहितात. त्यांचे अक्षर चांगले आहे.

  आणि कोणी नागपुरास घर पाहावयास येणार असेल तर माझ्याकडेच उतरावे, एक खोली रिकामी आहे. मात्र यावे मे महिन्यात.